एकेचाळिसावं पत्र

१

एकेचाळीस नंबरचं पाकीट रिकामं होतं.

खुदेजांनी ते उजेडाकडे धरलं, उलटं करून झटकलं. पारदर्शक, नवंकोरं पाकीट, कोपऱ्यात एकेचाळीसची चिठ्ठी, आणि आत काही नाही. चाळीसमध्ये पत्र होतं, बेचाळीसमध्ये होतं, त्रेसष्टपर्यंत सगळी होती. हे एकच नव्हतं.

"मी म्हटलं नव्हतं?" शेजारी बसलेले, पत्रांची सूची करणारे ओमप्रकाश म्हणाले. "कागद दुकानात द्यायचेच नव्हते. शेवटचा हात कोणाचा लागला? बाइंडरचा."

बुधवारचा दिवस, नोव्हेंबर २०१३. मस्कतच्या कुरुम भागातलं खुदेजांचं घर. रविवारी परदेशातून एक प्राध्यापक ही जुनी इंग्रजी पत्रं बघायला येणार होते, आणि ते येणार होते ते मुख्यतः त्या एकेचाळिसाव्या पत्रासाठी.

दुपारपर्यंत बाइंडर प्रशांतच्या ओमानी मालकाला फोन गेला. मालकाला तिथे सगळे अर्बाब म्हणतात. अर्बाब फार बोलला नाही. प्रशांतला दुकानाच्या मधोमध उभं केलं, सहा कामगारांसमोर, आणि म्हणाला, "रविवारी सकाळी सरकारी ऑफिसं उघडेपर्यंत थांबतो. तोपर्यंत कागद आला तर ठीक. नाही आला तर व्हिसा कॅन्सल. खलास."

२

त्या संध्याकाळी अल अमेरातमधल्या कलावतीबाईंच्या घरी सात-आठ मुलं जमिनीवर बसून नकाशे रंगवत होती. कलावतीबाई इंडियन स्कूलमध्ये अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. आता मुलाकडे राहत आणि शेजारपाजारच्या मुलांना शिकवत. लहानथोर सगळे त्यांना टीचरच म्हणत.

प्रशांतची बायको ललिता दारात येऊन उभी राहिली. तिची मुलगी प्रणाली दहावीला होती आणि टीचरकडेच शिकायची.

"टीचर, प्रणालीचं नाव काढा आता वहीतून," ललिता म्हणाली. "आम्ही जातोय."

"कुठे जाताय?"

"कुडाळला. ह्यांचा व्हिसा गेला म्हणजे माझा गेला, पोरीचा गेला. मार्चमध्ये तिची बोर्डाची परीक्षा. चार महिने राहिले होते हो, टीचर, फक्त चार महिने!"

मुलं रंगवायची थांबली. कलावतीबाईंनी त्यांना घरी पाठवलं, ललिताला आत बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "प्रशांतला इकडे बोलाव."

"ते कोणाशी बोलत नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसलेत."

"मग आपण तिकडे जाऊ. भिंतीकडे तोंड करून बसलेली पुष्कळ मुलं पाहिलीत मी."

प्रशांत खरोखरच तसाच बसला होता. चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस, बोटांवर सरसाचे वाळलेले पापुद्रे. मस्कतमध्ये पंधरा वर्षं झालेली. कलावतीबाई त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसल्या आणि काही विचारलंच नाही. वर्गातला त्यांचा हा जुना उपाय. गप्प बसलेल्या मुलासमोर आपणही गप्प बसायचं. शांतता आधी ज्याला सोसत नाही, तो बोलतो.

"टीचर, मी चोर नाय," शेवटी तो म्हणाला. "मला इंग्रजी धड वाचता येत नाय. ते पत्र घेऊन मी करू काय? भिंतीला लावू?"

"पत्रं तुझ्याकडे कधी आली?"

"मागच्या आठवड्यात. एकेक कागद साफ करायचा, फाटला असेल तिथे पातळ कागद लावायचा, पाकिटात घालायचा. सोमवारी काम संपलं. ओमप्रकाशसाहेब बघायला आले. म्हणाले, 'मी लावून देतो अनुक्रमानं.' त्यांनीच पेटीत लावली."

"मग तू मोजली नाहीस?"

"साहेबांनी लावल्यावर मी परत मोजायची म्हणजे त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं नाय का? बंद पेटी बुधवारी सकाळी नेऊन दिली."

"आणखी काही झालं सोमवारी?"

प्रशांतचा चेहरा बदलला. त्यानं ललिताकडे पाहिलं, मग पुन्हा भिंतीकडे.

"नाय," तो म्हणाला.

खोटं बोलणारं मूल आणि घाबरलेलं मूल यांत फरक असतो. हा घाबरलेला होता. पण कशाला?

३

गुरुवारी सकाळी कलावतीबाई कुरुमला खुदेजांच्या घरी गेल्या. खुदेजांचा जन्म झांझिबारचा, बालपण नैरोबीत गेलेलं, आणि सत्तरच्या दशकात सगळं कुटुंब ओमानला परत आलेलं. कच्छी शेजाऱ्यांकडून शिकलेली हिंदी त्या अजून छान बोलत.

"मला पोलीस नको आहेत," त्या म्हणाल्या. "त्या माणसाला मुलगी आहे म्हणे. पण मी तरी काय करू, टीचर? रविवारी पाहुणे येतील, त्यांना रिकामं पाकीट दाखवू?"

"आधी मला पत्रांची गोष्ट सांगा. शिकवणारीला सुरुवातीपासून लागतं सगळं."

खुदेजा हसल्या आणि सांगू लागल्या. त्यांच्या वडिलांनी नैरोबीत एका लिलावात लिहायचं मोठं टेबल विकत घेतलं होतं. ते होतं मेजर हार्कनेस नावाच्या एका इंग्रज शेतमालकाचं. टेबलाच्या खालच्या खणात पत्रांचा गठ्ठा निघाला, पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांपासून दुसऱ्याच्या तोंडापर्यंतचा. लंडनमधले एक मंत्री, सर विल्फ्रेड टॉरन्स, यांनी मेजरला लिहिलेली पत्रं, आणि मेजरनं त्यांना टाइप करून पाठवलेल्या पत्रांच्या स्वतःजवळ ठेवलेल्या कार्बन नकला.

"भांडण कशाचं होतं?" कलावतीबाईंनी विचारलं, जरी त्यांना बरंचसं माहीत होतं.

"जमिनीचं. केनियाच्या डोंगरातली चांगली जमीन फक्त गोऱ्यांनाच मिळावी, हिंदी लोकांना मताचा हक्क नको, असं त्या शेतमालकांचं म्हणणं. आणि आफ्रिकी माणसाची तर ती जमीनच होती, पण त्याला कोण विचारतो? मंत्री जाहीर भाषणात सगळ्यांना न्याय देणार म्हणायचे आणि पत्रात मेजरला म्हणायचे, धीर धरा."

कलावतीबाई पत्रं वाचू लागल्या. वाचता वाचता त्यांनाच अस्वस्थ व्हायला लागलं. प्रत्येक पत्रात वाट पाहणं होतं. बोट आली का, टपाल आलं का, सभागृहात काय झालं. मेजर उत्तरासाठी तळमळायचा, आणि त्याची घाई जितकी वाढायची तितकी त्याची भाषा वाईट व्हायची. हिंदी दुकानदारांविषयी त्यानं लिहिलेली दोन वाक्यं वाचून त्यांनी चष्मा काढून ठेवला.

तेवढ्यात ओमप्रकाश आले. साठीला टेकलेले, अकोल्यात वाढलेले, पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट. पत्रांची सूची त्यांनी केली होती, आणि विद्यापीठांशी पत्रव्यवहारही त्यांचाच.

"नमस्ते, टीचर. अब आप भी? वर्गात खडू हरवला की शोधायचा, तशी ही केस नाही बरं का."

"खडू कोणी नेला ते मला नेहमी कळायचं, ओमप्रकाशजी. हाताला लागतो. मस्कतमध्ये किती वर्षं झाली तुम्हाला?"

"एकतीस. टायपिस्ट म्हणून आलो, एका ट्रेडिंग कंपनीत. निवृत्त होताना मॅनेजर होतो."

"आणि ह्या पत्रांचा नाद?"

त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "दोन वर्षं झाली. खुदेजा मॅडमच्या टेबलात पडून होती. मी खणन् खण रिकामा केला, पत्रं लावली, सूची केली, अकरा विद्यापीठांना लिहिलं. एकाचंही उत्तर नाही! मग जूनमध्ये मला ते एकेचाळीस सापडलं, खणाच्या मागच्या बाजूला अडकलेलं. त्यात मेजर लिहितो की मंत्र्यानं त्याला गुप्त वचन दिलंय, शेतमालकांनी बंड केलं तरी सैन्य त्यांच्यावर बंदूक उचलणार नाही. बघा! ते कळवल्यावर आठ दिवसांत उत्तर."

"म्हणजे तेच गेलं. मोठंच नुकसान."

"हो ना. पण स्कॅन आहे," ओमप्रकाश म्हणाले. "लोकेशनं सगळ्यांचे स्कॅन केलेत. रविवारी स्कॅन दाखवू. काम अडणार नाही."

कलावतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. दोन वर्षांची मेहनत जिच्यावर उभी, ती वस्तू चोरीला गेली, आणि हा माणूस म्हणतो काम अडणार नाही?

"प्राध्यापक एकटेच येणार?" त्यांनी सहज विचारलं.

उत्तर खुदेजांनी दिलं. "नाही. गेल्या रविवारीच त्यांचं पत्र आलं की सोबत कागद तपासणाऱ्या एक बाई येणार आहेत. कागद, शाई, सगळं बघतात म्हणे."

ओमप्रकाश खिडकीतून बाहेर बघत होते.

४

लोकेश रामटेके नागपूरचा, वय सत्तावीस, इंजिनियर. जुलैमध्ये मस्कतला आलेला. खोलीत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, टेबलावर लॅपटॉप, आणि अंगावर अजून ऑफिसचे कपडे. त्या संध्याकाळी कलावतीबाईंना दारात पाहून त्यानं लॅपटॉप झटकन मिटला.

"स्कॅन मी ओमप्रकाश अंकलना पाठवलेत, मॅडम. माझ्याकडे काही नाही."

"मी स्कॅन मागितलेच नाहीत अजून."

लोकेशनं खुर्ची पुढे सरकवली आणि स्वतः पलंगावर बसला.

"तुला पत्रं कशी वाटली रे?"

"खरं सांगू? राग आला. हे लोक टेबलावर बसून ठरवतात कोण कुठे राहील, कोणाला पाणी मिळेल, कोणाला मत मिळेल. मला हे नवीन नाही, मॅडम. पण इतक्या सभ्य भाषेत वाचलं नव्हतं. मी खुदेजा मॅडमना म्हणालो होतो, ही पत्रं कपाटात ठेवायची नाहीत. जगापुढे आली पाहिजेत."

"मग तू नेलंस का एकेचाळीस? जगापुढे आणायला?"

"मी?" तो उठून उभाच राहिला. "मॅडम, स्कॅन करून सगळी पत्रं मी स्वतः प्रशांतभाऊंच्या हातात दिली. मोजून! त्रेसष्ट. त्यांची सही आहे माझ्याकडे."

"बस. मग घाबरतोस कशाला?"

त्यानं बोटं मोडली. मग म्हणाला, "ऑफिसच्या स्कॅनरवर केले. ड्यूटीच्या वेळात. मोठा स्कॅनर आहे, रंग चांगले येतात. बॉसला कळलं तर पहिल्याच वर्षी नारळ."

"तुझ्या बॉसला माझ्याकडून कळणार नाही. आता दाखव."

लोकेशनं लॅपटॉप उघडला. स्कॅन सुरेख होते, इतके स्वच्छ की कागद कालचे वाटावेत.

"पण सकाळी मी पाहिलेल्या मूळ पत्रांवर तर डाग आहेत, भोकं आहेत," कलावतीबाई म्हणाल्या.

"हे साफ केलेले आहेत. सोमवारी संध्याकाळी अंकलचा फोन आला. म्हणाले, सगळे डाग आणि भोकं काढून टाक, पाहुण्यांना छान दिसायला हवं. रात्रभर बसलो मी."

"सोमवारी संध्याकाळी? त्याआधी कधी म्हणाले नव्हते?"

"नाही. आधी तर म्हणायचे, जुनं आहे ते जुनंच दिसू दे."

"आणि न साफ केलेले?"

लोकेश पहिल्यांदा हसला. "इंजिनियर आहे, मॅडम. मूळ फाइल कधी उडवत नाही." त्यानं खणातून छोटी हार्ड डिस्क काढली, एकेचाळिसाव्या पत्राचा मूळ स्कॅन उघडला आणि एक प्रत छापून दिली. पण त्याच्या छोट्या प्रिंटरवर अक्षरं अगदी बारीक आली होती.

५

शुक्रवारी सकाळी कलावतीबाई तो कागद घेऊन बसल्या. पत्रावर तारीख होती १२ फेब्रुवारी १९२३. आधी त्यांनी टपालाचा हिशेब पाहिला. त्या काळी लंडनचं पत्र बोटीनं मोंबासाला आणि तिथून रेल्वेनं नैरोबीला यायला तीन-चार आठवडे लागत. मेजर ज्या पत्राचं उत्तर देत होता ते जानेवारीच्या मध्यावर निघालेलं होतं. म्हणजे बरोबर. मंत्र्याचं नाव बरोबर, भाषा बरोबर, मेजरचा चिडका सूरही बरोबर.

मग खटकतंय काय? काहीतरी खटकत होतं, दातात अडकलेल्या धाग्यासारखं. त्यांनी नकाशा काढला, मिटला. चहा केला आणि तो गार झाला. परवा दिवशी सकाळी ऑफिसं उघडणार होती. पलीकडच्या इमारतीत ललिता सामान बांधत असणार.

निदान अक्षरं तरी मोठी करून घेऊ म्हणून त्या कागद घेऊन झेरॉक्सच्या दुकानाकडे निघाल्या. रस्ता रिकामा होता. दुकानाचं शटर खाली. शेजारचं वाणसामानाचं दुकान बंद, सलून बंद.

"टीचर, आज जुम्मा!" वरच्या गॅलरीतून ओळखीची एक बाई ओरडली. "चारशिवाय उघडत नाही. विसरलात?"

कलावतीबाई बंद शटरसमोर उभ्या राहिल्या. मग तिथेच, उन्हात, चष्मा नाकावर सरकवून त्यांनी हातातला कागद पुन्हा वाचला. तिसरा परिच्छेद. मेजर लिहीत होता:

'गुरुवारी संध्याकाळी नैरोबीत पोहोचलो. शुक्रवारी कचेऱ्या आणि बँक बंद असल्यामुळे दिवस वाया गेला. शनिवारी आठवडा सुरू होताच जमीन खात्याच्या साहेबांना गाठलं.'

ऊन विसरून त्या तशाच उभ्या राहिल्या. मग घराकडे न जाता प्रशांतच्या इमारतीकडे वळल्या.

६

घरात दोन बॅगा उघड्या पडलेल्या होत्या. प्रणाली एका कोपऱ्यात पुस्तकं दोरीनं बांधत होती. कलावतीबाईंनी दोरी तिच्या हातातून काढून घेतली आणि प्रशांतसमोर बसल्या.

"ह्यावेळी मी गप्प बसणार नाही. सोमवारी तू ओमप्रकाशना काहीतरी सांगितलंस. त्या कागदाबद्दल. आणि ते ऐकून ते घाबरले. काय सांगितलंस?"

प्रशांतनं मान वर केली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच, न बोलता. तू सोमवारी सांगितलंस आणि त्याच संध्याकाळी त्यांनी स्कॅनमधली भोकं बुजवायला सांगितली."

तेव्हा प्रशांत बोलला. बाइंडरची नजर वाचत नाही, कागद बघते. त्या गठ्ठ्याला कधीतरी कसर लागली होती. किडा कागद खात सरळ आरपार जातो, त्यामुळे छत्तीसपासून सेहेचाळीसपर्यंत सगळ्या पत्रांना उजव्या हाताला खाली, एकाच जागी, मोहरीएवढं भोक होतं. फक्त एकेचाळीसला नव्हतं.

"मी साहेबांना विचारलं, किडा चाळीसमधून बेचाळीसमध्ये उडी मारून गेला काय? हसत विचारलं हो मी! ते हसले नाय. म्हणाले, 'कोणाला बोलू नको. कागद बदलला म्हणून तुझ्यावरच येईल.' मग मला गिऱ्हाइकाचा आवाज आला म्हणून मी पुढे गेलो. परत आलो तर ते पेटी लावत होते."

"अहो, हे आधी बोलायचं नाही?" ललिता रडवेली झाली. "तीन दिवस मी बॅगा भरतेय!"

"बोललो असतो तर म्हणाले असते, ह्यानंच खरा काढून दुसरा घातला. कागदाचं काम मीच करतो ना? माझ्याशिवाय कोणावर येणार?"

"बॅगा भरायच्या थांबव, ललिता," कलावतीबाई म्हणाल्या. पण काम संपलं नव्हतं. ओळखणं वेगळं आणि कबूल करून घेणं वेगळं. कबुलीसाठी एकच दिवस उरला होता.

७

शनिवारी दुपारी खुदेजांच्या घरी सगळे जमले. खुदेजा, ओमप्रकाश, लोकेश, आणि दाराजवळच्या खुर्चीत टेकलेला प्रशांत.

"मी वर्गात नेहमी एक करायची," कलावतीबाईंनी सुरुवात केली. "उत्तर आधी सांगायचं आणि मग मुलांना विचारायचं, हे का बरोबर? तर उत्तर असं. एकेचाळिसावं पत्र मेजर हार्कनेसनं लिहिलेलंच नाही. ते ह्याच वर्षी, मस्कतमध्ये टाइप झालं."

"क्या बात करती हैं!" ओमप्रकाश ताडकन म्हणाले.

"चाळीस आणि बेचाळीस एकावर एक धरा, खुदेजाबाई. उजेडाकडे."

खुदेजांनी धरली. दोन्ही कागदांच्या एकाच जागेतून उजेडाचा एक ठिपका आला.

"आता लोकेशच्या डिस्कवरचा एकेचाळीसचा मूळ स्कॅन बघा. भोक नाही. किडा आला तेव्हा तो कागद गठ्ठ्यात नव्हता."

"मागे अडकलं होतं म्हणालो ना मी! वेगळ्या जागी होतं, म्हणून किडा नाही लागला," ओमप्रकाश म्हणाले.

"असेल. म्हणून मी भोकावर थांबले नाही." त्यांनी तिसरा परिच्छेद वाचून दाखवला. "शुक्रवारी कचेऱ्या बंद, शनिवारी आठवडा सुरू. नैरोबीत इंग्रजांच्या राज्यात सुट्टी कधी असायची, खुदेजाबाई?"

"रविवारी," खुदेजा हळूच म्हणाल्या. "चर्चच्या घंटा वाजायच्या. शुक्रवारी आम्हाला शाळा असायची."

"गुड फ्रायडे असेल!" ओमप्रकाश म्हणाले. आवाज जरा जास्तच मोठा झाला.

"पत्र बारा फेब्रुवारीचं आहे. गुड फ्रायडे फेब्रुवारीत कधीच येत नाही. मार्चच्या उत्तरार्धाआधी नाहीच."

कलावतीबाई पुढे म्हणाल्या, "मग शुक्रवारी सगळं बंद आणि शनिवारी आठवडा सुरू, असं कोणाच्या डोक्यात बसलेलं असतं? आपल्या. इथे राहणाऱ्यांच्या. आणि तेही आता नाही. यंदाच्या मे महिन्यात इथली सुट्टी बदलली, गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली. लोकेश जुलैमध्ये आला. त्याच्या मस्कतमध्ये शनिवारी आठवडा कधी सुरू झालाच नाही. खुदेजाबाई नैरोबीत वाढल्या, त्या ही चूक करणार नाहीत. प्रशांतला ही इंग्रजी लिहिता येत नाही, आणि पत्रं त्याच्या हाती पडली तेव्हा तुमच्या सूचीत एकेचाळीस आधीच होतं. उरतो तो माणूस, जो एकतीस वर्षांपूर्वी टायपिस्ट म्हणून आला आणि वर्षानुवर्षं शनिवारी सकाळी आठवडा सुरू करत राहिला."

ओमप्रकाशांच्या कपाळावर घाम आला होता. एसी चालू होता.

"तुम्ही फार अभ्यास केलात, ओमप्रकाशजी," त्या म्हणाल्या, आणि आवाजात टोमणा नव्हता. "बोटीचे दिवस मोजलेत. मेजरचा सूर पकडलात. टेबलाच्या खणात त्या काळचे कोरे कागदही मिळाले असतील. पण आठवडा कोणी अभ्यास करून लिहीत नाही. तो अंगातच असतो. मग कागद तपासणाऱ्या बाई येणार असं कळलं, आणि दुसऱ्याच दिवशी प्रशांतनं किड्याचं विचारलं. कागद चोरीला गेला की तपासायला उरत नाही, आणि स्कॅन मात्र कायमचा राहतो. तुमचं नाव राहतं. जातो तो फक्त प्रशांत."

ओमप्रकाश अगदी बारीक आवाजात म्हणाले, "अकरा विद्यापीठं. एकानं उत्तर नाही दिलं, टीचर. खरी बासष्ट पत्रं. त्यात सगळं आहे, कशी माणसं वाटून घेतली ते सगळं. कोणाला फुरसत नव्हती. म्हटलं, एका पत्रानं दार उघडेल, मग खरी बोलतील. बाकी मला काही नको होतं."

"कागद कुठे आहे?"

"गाडीत. सीटखाली. फाडवला नाही."

"आणि माझी पोरगी?" प्रशांत पहिल्यांदाच बोलला. तो उठून उभा राहिला होता. "ती कुठल्या सीटखाली ठेवलीत, साहेब?"



खुदेजांनी फोन उचलला. "मी आत्ता अर्बाबना सांगते. आणि रविवारी पाहुण्यांनाही सांगेन, बासष्ट आहेत. बघायची तर बघा."

"फोन करा, मॅडम," प्रशांत म्हणाला. "पण तेवढ्यानं नाय व्हायचं. मला दुकानात मधोमध उभं करून चोर म्हटलं. सहा माणसांसमोर. ते फोनवर कसं पुसणार?"

सगळ्यांनी ओमप्रकाशांकडे पाहिलं.

८

रविवारी सकाळी साडेसात वाजता रुवीतल्या बाइंडिंगच्या दुकानात यंत्रं अजून सुरू झालेली नव्हती. कलावतीबाई दाराशी उभ्या होत्या, ललिता त्यांच्या शेजारी. कामगार एकमेकांकडे बघत होते. प्रशांत आपल्या टेबलामागे होता, हातात पुसायचं फडकं.

ओमप्रकाश आले. तोच पांढरा शर्ट, पण आज इस्त्री नव्हती. दुकानाच्या मधोमध येऊन ते थांबले.

"भाइयो," ते हिंदीत म्हणाले, "प्रशांतने कुछ नहीं लिया. कागज मैंने लिया था. वो कागज भी झूठा था, मैंने ही बनाया था. और इल्जाम इस पर डाला. इसने तो सच पूछा था मुझसे."

कोणीतरी खोकलं. एक तरुण कामगार शेजाऱ्याला कुजबुजत काहीतरी विचारत होता. ओमप्रकाश जायला वळले.

"थांबा, साहेब," प्रशांत म्हणाला.

ते थांबले.

प्रशांतनं फडकं टेबलावर ठेवलं आणि आतल्या केबिनचं काचेचं दार पूर्ण उघडलं. आत अर्बाब बसला होता, समोर प्रशांतचा पासपोर्ट.

"इथून आत ऐकू जात नाय," प्रशांत म्हणाला. "परत सांगा. जरा मोठ्यानं. आणि अरबीत."

ओमप्रकाशांनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.